पोटभाडेकरू

जुन्या वाड्यात वाढलेल्या वाचकांना पोटभाडेकरू म्हणजे काय हे सांगावयास नको. मालक घर देतो एकाला, आणि तो त्यातील एक खोली देतो दुसऱ्याला. त्या दुसऱ्याची चूल वेगळी, कुलूप वेगळे, देव वेगळे. छप्पर आणि पाणी मात्र पहिल्याचेच. सन २०२५ च्या दिवाळीत बडोद्याला मामांकडे गेले होते, तेव्हा असाच एक पोटभाडेकरू मला भेटला. तो राहत होता मामांच्या संगणकात!

मामांचे घर दांडिया बाजारात. बेळगावची भाची कॉम्प्युटर सायन्स शिकते, एवढे निमित्त मामेभावाला पुरेसे होते. फराळाची ताटली हातात पडण्यापूर्वीच त्याने मला संगणकापुढे बसवले. १४ ऑक्टोबरला विंडोज १० ची मोफत दुरुस्ती सर्वसाधारणपणे थांबली होती आणि तेवढ्यावरून घरात साफसफाईचे वारे शिरले होते. "सगळंच नवीन करून टाकू. त्यात हे व्हर्च्युअल बॉक्सही आहे, फार जुनं झालंय," तो म्हणाला. स्वयंपाकघराच्या दारातून मामा म्हणाले, "त्याला हात लावायचा नाही. त्यात अप्पा आहेत."

अप्पा म्हणजे माझे आजोबा. बडोद्यातील एका मराठी शाळेत त्यांनी हयात घालवली. निवृत्तीनंतर ते आठवणी लिहू लागले. कागदावर नव्हे, संगणकावर; आणि तेही विंडोज एक्सपीवर, एका जुन्या मराठी टंकलेखनाच्या पॅकेजमध्ये. २०१४ च्या एप्रिलमध्ये एक्सपीचा आधार संपला, पुढे यंत्रही मोडकळीस आले, पण अप्पांची बोटे नव्या कळफलकाला सरावेनात. तेव्हा २०१८ मध्ये मामेभावाने नव्या संगणकाच्या पोटात एक्सपीची खोली काढून दिली. अप्पा खूश! त्यांच्या दृष्टीने काहीच बदलले नव्हते.

हे पोटभाड्याचे तंत्र काही आजचे नाही. एकाच प्रचंड यंत्रावर अनेकांना स्वतंत्र यंत्र मिळाल्याचा भास करून देणारी व्यवस्था आयबीएमने १९७२ मध्येच बाजारात आणली होती. व्हर्च्युअल बॉक्स हा त्यामानाने अलीकडचा. २००७ मध्ये एका जर्मन कंपनीने तो खुला केला. पुढे तो सनकडे आणि २०१० मध्ये सनबरोबर ओरॅकलकडे गेला. आमच्या पुस्तकात बाहेरच्या संगणकाला यजमान आणि आतल्याला पाहुणा म्हटले आहे. गंमत अशी की पाहुण्याला आपण पाहुणे आहोत याचा पत्ताच नसतो.

तर प्रश्न होता नवी आवृत्ती घ्यावी की नाही. मामेभावाची बाजू लंगडी नव्हती. मामांच्या यंत्रावर ५.२ ही आवृत्ती होती आणि तिच्या दुरुस्त्या २०२० मध्येच थांबल्या होत्या. उद्या यजमानच बदलला तर जुनी खोली उघडेल याची हमी कोण देणार? मामांची बाजू एका वाक्याची होती : "चालतंय ना? मग चालू दे." यावर मामेभावाचे उत्तर अस्सल बडोद्याचे : "पप्पा, थई जशे!"

मी व्हर्च्युअल बॉक्सची खिडकी उघडून यादी पाहिली आणि माझ्या छातीत धस्स झाले. अप्पांचे यंत्र बंद नव्हते. ते झोपलेले होते. खिडकी मिटताना व्हर्च्युअल बॉक्स विचारतो, की यंत्राची आहे ती स्थिती जपून ठेवू, की यंत्र बंद करू? अप्पा नेहमी पहिला पर्याय निवडीत. त्यामुळे २०२३ च्या श्रावणात ज्या संध्याकाळी ते शेवटचे खुर्चीवरून उठले, त्या संध्याकाळचा पडदा जसाच्या तसा तिथे थिजून राहिला होता. ते गेल्यावर मामांनी ती खोली कधी उघडली नव्हती.

आता यातली मेख अशी. झोपलेल्या यंत्राची स्थिती ही ज्या आवृत्तीत झोपवली तिच्याच ओळखीची असते. नव्या आवृत्तीला ती उठवता येईलच असे नाही. मग ती टाकून देऊन यंत्र नव्याने सुरू करावे लागते. डिस्कवर साठवलेले लेखन त्यातून वाचते; पण लिहिले आणि साठवले नाही, ते जाते. अप्पांनी शेवटची ओळ साठवली होती की नाही, हे कोणाला ठाऊक होते?

मी हे सांगितले तेव्हा दोघेही गप्प झाले. मग मामा हळूच म्हणाले, "म्हणजे उठवावंच लागेल." त्यांच्या बोलण्यात भीती होती, आणि ती मला कळत होती. जोवर ती खोली बंद आहे, तोवर अप्पांचे काम संपलेले नव्हते. एकदा उघडली की ते संपणार होते. परंतु न उघडणे म्हणजे सगळा ठेवा एका म्हाताऱ्या डिस्कच्या भरवशावर सोडणे. त्या रात्री आम्ही ठरवले : आधी सगळ्याची नक्कल, मग जुन्याच आवृत्तीत उठवणे, मग साठवणे, रीतसर बंद करणे, आणि त्यानंतरच नवी आवृत्ती.

दुसऱ्या दिवशी मामींनी देवापुढे दिवा लावला आणि आम्ही तिघे संगणकापुढे बसलो. एक्सपीची ती हिरवी टेकडी दिसली नाही. थेट अप्पांचे पान उघडले. कोपऱ्यातल्या घड्याळात क्षणभर त्या संध्याकाळची वेळ होती, मग ते दचकून आजच्या वेळेवर आले. पानाच्या शेवटी कर्सर लुकलुकत होता.

अप्पा त्या प्रकरणात फिरत्या वाचनालयांविषयी लिहीत होते. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले; शिकलेल्यांना वाचायला हवे म्हणून १९१० मध्ये बॉर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल बोलावले. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या खेडोपाडी जात. अप्पांचे वडील अशाच एका खेड्यात मास्तर. अप्पांनी लिहिले होते : "पेटी परत पाठवताना पुस्तके मोजण्याचे काम माझ्याकडे असे. एकदा एक पुस्तक कमी भरले आणि"

एवढेच. डिस्कवरची नक्कल वेगळी उघडून पाहिली. तिच्यात ही दोन वाक्ये नव्हती.

मामांनी चष्मा काढून पुसला. मामींनी विचारले, "मग सापडलं का ते पुस्तक?" मामांना ठाऊक नव्हते. कोणालाच ठाऊक नाही.

पुढचे काम मात्र भराभर झाले. लेखन साठवले, प्रत्येक पान छापून घेतले, एक्सपी रीतसर बंद केले, आणि सगळ्या फायलींच्या प्रती दोन वेगळ्या डिस्कवर ठेवल्या. ६.१ पासून व्हर्च्युअल बॉक्सला प्रोसेसरची आभासीकरणाची सोय लागतेच. ती मामांच्या यंत्रात बंद होती, ती चालू केली. मग सातवी आवृत्ती चढवली. पाहुणा जागा झाला, आणि आपले घर बदलल्याचे त्याच्या गावीही नव्हते.

एक काम उरले आहे. जुन्या पॅकेजांत मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत आणि प्रत्येकाची बैठक निराळी. तो फॉन्ट नसेल तर सारा मजकूर अगम्य चिन्हांची रांग. युनिकोडमध्ये आणताना पहिल्या वेलांटीची जागा बदलावी लागते, रफार हलवावा लागतो, आणि आपल्या 'बिऱ्हाड' मधला अर्धा र हमखास दगा देतो. रोज दोन पाने मी बेळगावला बसून तपासते. कन्नड विभागातील माझ्या एका मित्राच्या वडिलांचे लेखनही असेच एका जुन्या फॉन्टमध्ये अडकले आहे. आता आम्ही दोघे मिळून बसतो.

वाचकहो, तुमच्याही घरी असा एखादा जुना संगणक असेल. नवे जरूर घ्या, त्यात वाईट काही नाही. फक्त बटण दाबण्यापूर्वी आत कोणी झोपले आहे का, ते एकदा पाहून घ्या.