न लावलेला कौल

आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर तीन-चार पिढ्या स्थायिक झालेल्या कुटुंबांचे पोटापाण्याचे गाव एकीकडे आणि कुलदैवत दुसरीकडे असते. आमचे पणजोबा सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत नोकरीनिमित्त बडोद्यास आले. देव मात्र गोव्यातच राहिला. दिचोली तालुक्यातील नार्वे येथील श्रीसप्तकोटीश्वर हे आमचे कुलदैवत. घरात मंगलकार्य निघाले की पहिली अक्षत टपालाने तिकडे पाठवायची आणि देव्हाऱ्यापुढे नारळ ठेवून हात जोडायचे, एवढाच आमचा त्याच्याशी संबंध उरला होता.

दोन वर्षांपूर्वी माझ्या आतड्यास छिद्र पडून पोटात विष पसरले. दोन शस्त्रक्रिया झाल्या आणि एकोणीस दिवस मी अतिदक्षता विभागात होतो. त्या दिवसांत सौ.ने नवस बोलला होता, ‘हे उठून बसले की नार्व्यास येऊन अभिषेक करीन.’ मी उठून बसलो. पुन्हा शाळेत जाऊ लागलो. नवस फेडावयाचा राहिला होता, तो फेडण्यासाठी गेल्या माघात आम्ही निघालो.

बरोबर मुलगी होती. ती परिचारिका आहे. आफ्रिकेतील एका देशात जाणाऱ्या वैद्यकीय पथकात सहा महिने विनावेतन काम करण्यासाठी तिची निवड झाली होती आणि मी नकार दिला होता. तिकडचे ताप, तिकडची अशांतता, लग्नाचे वय, अशी सारी कारणे मी सांगितली होती. शेवटी वाद नको म्हणून म्हणालो, “गोव्यात देवाला कौल लावतात. आपणही लावू. मूर्तीला चिकटवलेली पाकळी उजवी पडली तर जा, डावी पडली तर विषय संपला.”

ती शांतपणे म्हणाली, “बाबा, डावी पडली तर तुम्ही सुटाल. पण उजवी पडली तर?”

मी उत्तर दिले नाही.

सावंतवाडीस आगगाडीतून उतरून, बांद्यावरून पत्रादेवीचा नाका ओलांडला की पेडणे तालुका लागतो. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवामुक्तीसाठी देशभरातून आलेल्या सत्याग्रहींवर येथेच गोळ्या झाडल्या गेल्या. पंजाबचा कर्नैल सिंग बेनिपाल येथे धारातीर्थी पडला. त्याचे गोव्यात कोण होते? पुढे जांभ्या दगडाचे तांबडे सडे आणि काजूच्या बागा लागतात. त्यांतल्याच मोपाच्या सड्यावर जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली आहेत.

वाट वाकडी करून आम्ही मांद्र्यास गेलो. डॉ. भाऊ दाजी लाड यांचा जन्म या गावचा. लहानपणी ते वडिलांबरोबर मुंबईस गेले आणि १८५१ साली ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत होते. गोरगरिबांना ते विनामूल्य औषध देत. ज्या महारोग्यांची सावलीही लोक टाळीत, त्यांच्यावर त्यांनी कडू कवठाच्या बियांच्या तेलाचे उपचार करून पाहिले. १८७४ साली ते वारले. मुंबईतील भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयास १९७५ पासून त्यांचे नाव आहे. हे सारे मी शिक्षकी सवयीने सांगत होतो. मुलगी समुद्राकडे पाहत म्हणाली, “त्यांच्या वडिलांनी त्यांना इथेच ठेवून घेतले असते तर?”

“मुंबई आणि आफ्रिका यांत फरक आहे,” मी जरा तुटकपणेच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दिचोलीमार्गे नार्व्यास पोहोचलो. माडापोफळींच्या गर्द सावलीत, सखल जागी, उतरत्या कौलारू छपराचे ते देऊळ पाहून मन निवाले. समोर दीपमाळ, आणि गाभाऱ्यावर अष्टकोनी शिखर. कदंब राजांचा हा देव मूळचा मांडवीतील दिवाडी बेटावरचा. पोर्तुगीज अमलात, १५४० च्या सुमारास, तेथील देऊळ पाडले गेले; भक्तांनी लिंग गुपचूप नदीपार आणले. नार्व्याचे हे देऊळ शिवछत्रपतींच्या आज्ञेने शके १५९० मध्ये, म्हणजे १६६८ साली, उभे राहिले. तसा शिलालेख दारावर आहे. अलीकडे त्याचा जीर्णोद्धार होऊन फेब्रुवारी २०२३ मध्ये ते पुन्हा खुले झाले.

“खंयचे तुमी?” भटजींनी विचारले. बडोद्याचे म्हटल्यावर त्यांनी मायेने मान डोलावली आणि यथासांग अभिषेक केला. संकल्पात माझ्या नावापुढे ‘रोगमुक्ती’ हा शब्द आला तेव्हा सौ.चे डोळे भरून आले.

वाटेवरील एका ग्रामदेवतेच्या देवळात संध्याकाळी कौल लावतात, असे गाडीवाल्याने सांगितले होते. संध्याकाळ होण्यास अवकाश होता, म्हणून देवाचे मूळ गाव तरी पाहावे अशा विचाराने आम्ही नार्व्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने दिवाडीस उतरलो.

बेटावरील टेकडीच्या माथ्यावर पिएदादचे चर्च आहे. तेथून खाली भातखाचरे, मांडवीचे पात्र आणि पलीकडे जुन्या गोव्याचे मनोरे दिसतात. ते पाहताना आधी मनात कडवटपणाच आला. पण इतिहास एवढ्यावर थांबत नाही. याच दिवाडीच्या मातेउस द कास्त्रु या महाले घराण्यातील पुरुषास गोव्यातील पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांनी मान दिला नाही. तो रोमला गेला, १६३७ साली बिशप झाला आणि परत येऊन राहिला तो दिचोलीस. कारण दिचोली तेव्हा विजापूरकरांकडे होती. देव आणि बिशप, दोघेही दिवाडीचे, आणि दोघांनाही आसरा दिचोलीने दिला.

आजारातून उठल्यावर, अंथरुणावर पडल्या पडल्या मी गोव्याचा इतिहास बराच वाचला होता. त्यातील फादर जोसेफ वाझ यांची कथा मी मायलेकींना सांगू लागलो. १६५१ साली बाणावलीस जन्मलेले हे गृहस्थ समोरच्या जुन्या गोव्यातील एका लहानशा धर्मसंघाचे प्रमुख होते. सिंहलद्वीपात डच सत्तेने कॅथलिक पाद्र्यांना बंदी केली होती. तेथील लोक वर्षानुवर्षे उपाध्यायावाचून आहेत, हे ऐकून ते भिकाऱ्याच्या वेषात निघाले आणि १६८७ साली जाफन्यास पोहोचले. समुद्रप्रवासातच देह खचला होता. उतरताच रक्ती आव लागून ते मरणोन्मुख झाले. जवळ पैसा नाही, ओळख नाही. चरित्रकार सांगतात, कुणा परक्या बाईने दिलेल्या पेजेवर ते तगले. बरे झाल्यावर ते गोव्यास परतले नाहीत. कँडीच्या राज्यात त्यांना हेर समजून कैदेत टाकले गेले. १६९७ साली तेथे देवीची साथ आली, लोक रोग्यांना टाकून रानात पळाले. तेव्हा वाझ आणि त्यांचा भाचा घरोघर जाऊन रोग्यांना धूत होते, भरवत होते, आणि रोगी बौद्ध की ख्रिस्ती हे पाहत नव्हते. पुढे याच दिवाडीचे फादर जाकोम गोन्साल्विस १७०५ मध्ये तिकडे गेले आणि सिंहली व तमिळ भाषांत ग्रंथ लिहिते झाले. वाझ १७११ साली कँडीतच वारले. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोत पोपनी त्यांना संतपद दिले.

धर्मांतराच्या इतिहासातील जखमा मी विसरू शकत नाही. ज्या राजसत्तेने आमच्या देवाचे स्थान पाडले तिच्याच छायेत वाझ यांचा धर्म गोव्यात वाढला. परंतु त्या साथीत रोगी धुणारे हात मला त्या राजसत्तेचे वाटले नाहीत.

सांगता सांगता मी पेजेपाशी अडखळलो होतो, ते दोघींच्या लक्षात आले असावे. अतिदक्षता विभागात रात्रपाळीस केरळहून आलेली एक परिचारिका होती. घशाला कोरड पडे आणि पाणी पिण्याची बंदी असे; तेव्हा ती दर तासाने ओल्या कापसाने माझे ओठ ओले करी. तिला गुजराती मोडकेतोडके येई, मराठी मुळीच नाही. माझा मुडदूस झालेला चेहरा पाहून एकदा ती हसून काहीतरी म्हणाली होती. शब्द कळले नाहीत, धीर कळला. तिलाही घर सोडताना कुणा बापाने अडवले असेल काय? अडवले असेल तर त्याने पुढे हात मागे घेतला, म्हणून मी आज या टेकडीवर उभा होतो. सौ.चा नवस देवाने ऐकला हे मी मानतो. पण त्याने तो ऐकला तो त्या मुलीच्या हातांनी. आणि माझ्या मुलीचे हात मात्र मी बांधून ठेवू पाहत होतो. शिवाय त्या बांधण्याचे पाप देवाच्या माथी मारण्यासाठी पाकळी शोधत होतो.

परतीच्या फेरीबोटीत कुणीच फारसे बोलले नाही. नदीवर उन्हे कलली होती. नार्व्याच्या धक्क्यावर गाडीवाला वाट पाहत होता. त्याने विचारले, “कौलाक वचपाचें?”

मी मुलीकडे पाहिले. ती सौ.चा हात धरून धक्का चढत होती.

“नको,” मी म्हणालो, “सरळ मुक्कामी चला. हिला कागदपत्रांची तयारी करायची आहे.”

सौ. चमकून थांबली. मुलीने खाली वाकून पायांना हात लावला, तेव्हा मला एवढेच सुचले, “जपून राहा, बाळ.”

चैत्रात ती गेली. भीती गेली असे मात्र नाही. दर रविवारी तिचा दूरध्वनी येतो. तो येईपर्यंत सौ. देवापुढचा दिवा विझू देत नाही, आणि मी वर्तमानपत्र उघडे धरून एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसतो.