सुरगाठ आणि निरगाठ

मुलांनो, तुमच्यापैकी कुणी सांगली-तासगावकडचे असाल, तर द्राक्षबागेत 'औषध मारणं' म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. माझ्या काकांची तिकडे बाग होती. औषध मारायच्या दिवशी आम्हा पोरांना तिकडे फिरकायची बंदी! "का हो काका?" म्हटलं, की "विषारी असतं बाबा," एवढंच उत्तर. नाव औषध आणि काम विषाचं? हे कोडं मला पुढे रसायनशास्त्र शिकताना सुटलं.

सुतळीला दोन तऱ्हांनी गाठ मारता येते. सुरगाठ टोक ओढलं की सुटते, निरगाठ सहजी सुटत नाही. शरीरात गेलेलं औषध किंवा विषही असंच कुठेतरी गाठ मारून बसतं, आणि मग त्याचा परिणाम दिसतो.

हात हलवायचा असेल, तर मज्जातंतू असिटिलकोलीन नावाच्या रसायनाकरवी स्नायूला निरोप धाडतो. निरोप पोचला, की एक विकर ते रसायन लगेच तोडून टाकतं. किडींवरच्या काही औषधांमधला फॉस्फरस नेमका या विकराशी सहसंयुज बंध जोडतो. ही झाली निरगाठ! विकर अडकतं, निरोप साचत जातात. मग डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, दरदरून घाम, स्नायूंची फडफड आणि शेवटी श्वास कोंडतो.

यावर डॉक्टर ॲट्रोपिन देतात. ते निरोप घेणाऱ्या जागा अडवतं. पण त्याचे बंध दुबळे, म्हणजे सुरगाठीसारखे. म्हणून ते पुन्हापुन्हा द्यावं लागतं. दुसरं औषध प्रालिडॉक्झिम. १९५५ साली अमेरिकेत आयर्विन विल्सन यांनी ते पुढे आणलं. ते फॉस्फरसला स्वतःकडे ओढून विकराची निरगाठ सोडवतं. मात्र वेळ गेला, तर ही गाठ आणखी घट्ट होते. काही औषधांच्या बाबतीत अवघ्या काही तासांत! मग प्रालिडॉक्झिमचंही काही चालत नाही. शरीर नवं विकर तयार करील तेव्हाच सुटका, आणि त्याला कित्येक दिवस, आठवडेही लागतात.

तेव्हा फवारणीनंतर घरात कुणाला असा त्रास झाला, तर "ऊन लागलं असेल, जरा पडा," असं कुणी म्हणू नये. मोठ्यांना लगेच हाक मारा. त्यांनी भिजलेले कपडे उतरवावेत, अंग साबणानं धुवावं आणि तडक दवाखाना गाठावा. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी सोबत न्यायला मात्र विसरू नका. गाठ कोणती, ते डॉक्टरांना तिच्यावरूनच कळेल.