निरंक

सरकारी कचेरीत ‘निरंक’ या शेऱ्याइतका समाधान देणारा शब्द दुसरा नाही. सन २०२१ च्या मे महिन्यात, येथे दिल्लीत, करोनातून नुकत्याच उठलेल्या आमच्या दादांचा डोळा सुजला. बुरशीसाठी केलेली रक्ततपासणी निरंक आली आणि आमचा जीव भांड्यात पडला. डॉक्टर मात्र म्हणाले, “ही तपासणी बीटा-डी-ग्लुकन हे द्रव्य शोधते. पुष्कळ बुरश्यांच्या आवरणात ते असते. म्युकरच्या आवरणात तपासणीला सापडण्याइतके नसते. नाकातला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला पाहिजे.” त्या तुकड्यात म्युकर निघाली. शस्त्रक्रियेत डोळा गेला, दादा वाचले. तेव्हापासून ‘निरंक’ लिहिताना आमचा हात क्षणभर थांबतो आणि मुळात काय विचारले होते, ते आम्ही पुन्हा वाचतो.