परसांतलें तळें

आमच्या परसांत दहा फूट लांब, आठ फूट रुंद आणि चार फूट खोल असा एक हौद आहे. वडिलांनीं तो झाडांच्या पाण्यासाठीं बांधला होता. आम्हीं त्यांत मासे सोडले, आणि तेव्हांपासून आम्ही त्यास तळें म्हणतों. नांव बदललें कीं वस्तु बदलते, हा समज तीस वर्षें इंग्रजी काव्य शिकविणाऱ्या माणसाच्या ठिकाणीं वाचकांनीं क्षम्य मानावा.

मासे आणण्याचें निमित्त मात्र काव्याचें नव्हतें. तीन वर्षांपूर्वीं आमची नात बंगळूरहून दिवाळीस आली होती. ती तेव्हां पांच वर्षांची होती. तिला आम्हीं सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान पाहावयास नेलें. तें जपानांतील ओकायामा येथल्या कोराकुएन या तीनशें वर्षांच्या जुन्या बागेच्या धर्तीवर केलेलें आहे. तेथल्या पाण्यांतले रंगीत मासे पाहून ती कांठावरून हलेना. 'आपल्या हौदांत असेच मासे आणूं,' असें वचन आम्हीं दिलें, तेव्हां कोठें ती घरीं आली. आजोबांचीं वचनें नातवंडें सहसा दुसऱ्या दिवशीं विसरतात. हें विसरलें गेलें नाहीं. सहा मासे आले आणि तिनें सहांचेंही बारसें केलें. शुभ्र अंगाची आणि डोक्यावर केशरी ठिपका असलेली होती, तिचें नांव पणती. पुढें दर रविवारीं सायंकाळीं फोनच्या पडद्यावर नातीस पणतीचें दर्शन घडविणें, हें आमचें नित्यकर्म होऊन बसलें.

या माशांना जपानी लोक निशिकिगोई म्हणतात. निशिकि म्हणजे किनखाब. निइगाता प्रांताच्या डोंगराळ खेड्यांत शेतकरी कार्प जातीचे मासे खाण्यासाठीं पाळीत. एकोणिसाव्या शतकांत त्यांतल्या कांहींच्या अंगावर रंग उमटला, तो त्यांनीं पिढ्यान् पिढ्या निवडून वाढविला, आणि खाण्याची वस्तु पाहण्याची झाली. १९१४ सालच्या टोकियोच्या प्रदर्शनानें त्यांची कीर्ति देशभर झाली. कुळ म्हणाल तर आपल्या रोहू-कटल्याचेंच. त्यामुळें अंगावर किनखाब असला तरी आहार मात्र पैलवानी, आणि जेथें आहार पैलवानी तेथें उत्सर्गही तसाच, हें आम्हांस कोणीं आधीं सांगितलें नाहीं.

पहिल्याच उन्हाळ्यांत पाणी पालकाच्या पातळ भाजीसारखें झालें. कमळ लावावें, पानांची सावली पडेल आणि शेवाळ हटेल, असें पुस्तकांत वाचून आम्हीं कमळाचा कंद कुंडींत लावून तळाशीं ठेवला. सकाळीं कंद पाण्यावर तरंगत होता आणि कुंडींतली माती सर्वत्र झाली होती. मत्स्य आणि कमल यांचें सख्य कवींनीं कितीही गाइलें असो, या माशांनीं ती कविता वाचलेली नाहीं. अखेर कमळाच्या कुंडीवर नदींतले मोठे गोटे रचले, आणि कर्दळ व वेखंड यांना हौदाबाहेर एका उथळ टाकींत वेगळा संसार थाटून दिला. पंप तासाला साडेचार हजार लिटर पाणी उचलतो, म्हणजे दोन तासांत सारा हौद एकदां फिरतो. तें पाणी आधीं एका पिंपांत जातें, तेथें गाळ बसतो. दुसऱ्या पिंपांत सच्छिद्र दगड आणि स्पंजाच्या गाद्या आहेत, त्यांतून झिरपतें. तेथून कर्दळीच्या मुळांवरून वाहत पुन्हां तळ्यांत पडतें. विजेच्या बिलाकडे पाहून आम्हीं पंप रात्रीं बंद ठेवून पाहिला. मे महिन्यांतली गोष्ट. पहांटे सहाही मासे पृष्ठभागाशीं येऊन धापा टाकीत होते. वनस्पति रात्रीं प्राणवायु देत नाहींत, उलट घेतात, आणि ऊन पाण्यांत तो मुळांतच कमी मावतो. बिल निमूटपणें भरूं लागलों.

दीड वर्ष बरें गेलें. गेल्या चैत्रांत आमच्या घरीं गौरीचें हळदीकुंकू होतें. पन्नास बायका येणार, आणि त्यांतल्या निम्म्या तरी परसांत डोकावणार! आम्हीं दुसरें पिंप उघडून पाहिलें, तों दगडांवर आणि स्पंजावर तपकिरी, बुळबुळीत थर. ती घाण पाहून आमच्या अंगीं काय संचारलें कोण जाणे. सारे दगड, सारे स्पंज आम्हीं पालिकेच्या नळाच्या धारेखालीं धरून ब्रशानें घासले. उत्तरपत्रिका तपासतांना इतकी दक्षता आम्हीं कधीं दाखविली नसेल. हळदीकुंकवाच्या दिवशीं तळाचा गोटा न् गोटा दिसत होता. बायकांनीं तळ्याची वाखाणणी केली, आणि आंबेडाळीची वाटी हातीं घेऊन ती ऐकण्यासाठीं आम्ही विनाकारण तेथें घोटाळत राहिलों.

चौथ्या दिवशीं सकाळीं मासे खावयास वर आले नाहींत. पांच जण पाणी पडतें त्या तोंडाशीं गोळा झाले होते आणि पणती तळाशीं कुशीवर पडली होती. पाणी इतकें नितळ होतें, कीं तिच्या कल्ल्यांची उघडझांप वरून मोजतां येत होती.

आमच्या कॉलेजांतले रसायनाचे प्राध्यापक धांवत आले. त्यांनीं नळींत पाणी घेऊन त्यांत दोन औषधांचे थेंब टाकले. पिवळें राहावयाचें तें पाणी गर्द हिरवें झालें. अमोनिया! मासा तो मुख्यतः कल्ल्यांतून सोडतो. त्याचें नायट्राइट करणारे जंतु निराळे, आणि त्या विषारी नायट्राइटचें निरुपद्रवी नायट्रेट करणारे निराळे. तें नायट्रेट मग कर्दळ खाते. सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें १८९० च्या सुमारास हे जंतु दाखवून दिले. त्यांची वस्ती त्या तपकिरी थरांत असते, आणि नळाच्या पाण्यांत क्लोरिन घालतात तो जंतु मारण्यासाठींच. उरल्यासुरल्यांचा निकाल ब्रशानें लावला. पुन्हां पुरेशी वस्ती होण्यास महिना-दीड महिना लागतो.

हें व्याख्यान चालू असतां आमची सौभाग्यवती दारांत उभी होती. ती म्हणाली, "म्हणजे विरजणाचं भांडं घासूनपुसून ठेवलंत, आणि दही लागेना म्हणून बसलात!"

एवढें सोपें करून आम्हांस आजवर कोणीं शिकविलें नव्हतें. प्राध्यापक हंसले, आणि संध्याकाळीं त्यांनीं आपल्या घरच्या काचटाकींतला एक मळकट स्पंज ओल्या फडक्यांत गुंडाळून आणला. विरजणच तें. माशांचें खाणें बंद केलें, विहिरीच्या पाण्यानें रोज तिसरा हिस्सा पाणी बदललें, नायट्राइटची बाधा कमी व्हावी म्हणून हजार लिटरांस एक किलो या मानानें मीठ घातलें. चार मासे वांचले. पणती त्याच रात्रीं गेली. तिला पेरूच्या झाडाखालीं पुरली.

रविवारीं नातीनें विचारलें, "आजोबा, पणती कुठे आहे?"

"कमळाच्या पानाखाली झोपली आहे," आम्हीं म्हटलें. सौभाग्यवतीनें आमच्याकडे एकवार पाहिलें आणि ती आंत निघून गेली. तो आठवडा आम्हांस फार जड गेला. पुढल्या रविवारीं सर्व खरें सांगितलें. आम्हींच घासलें, हेंही सांगितलें. पलीकडे बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग ती म्हणाली, "मग आता घासत नाही ना तुम्ही?"

घासत नाहीं. दोन महिन्यांनीं एकदां निम्मे स्पंज काढून तळ्याच्याच पाण्याच्या बादलींत दोनदां पिळतों आणि पुन्हां जागीं ठेवतों. तें तपकिरी पाणी पेरूला जातें. यंदाच्या हळदीकुंकवास शेजारच्या काकूंनीं तळ्यांत डोकावून विचारलें, "पाणी जरा गढूळ दिसतंय, नाही?" आम्ही उत्तराची जुळवाजुळव करीत होतों, तोंच सौभाग्यवतीनें पन्ह्याचा पेला त्यांच्या हातीं दिला.

पडवींतल्या टाकींत एक नवा मासा आहे. बाहेरचा रोग तळ्यांत जाऊं नये म्हणून त्यास तीन आठवडे वेगळें ठेवावयाचें आहे. नात मे महिन्यांत येईल. त्याचें बारसें तोंवर राहिलें आहे.