दोऱ्याचे पदर

वेदीवर निदान एक शुभ्र वस्त्र अंथरलेले असावे, हा ख्रिस्तसभेचा साधा नियम आहे. त्या वस्त्राच्या काठावर भरलेल्या गव्हाच्या ओंब्या, द्राक्षांचे घड किंवा क्रूस यांच्याकडे मिस्सेच्या वेळी फारसे कोणी पाहत नाही. धर्मगुरू मात्र त्यांच्या अगदी जवळ उभा असतो. कोणत्या पानाचा हिरवा रंग तीन वर्षांत विटला, कोणती ओंबी पंधरा वर्षांनंतरही ताजी राहिली, कोणत्या टाक्यांतून रंग फुटून पांढऱ्या कापडावर उतरला, हे त्याला नकळत पाठ होते. सेमिनरीत असताना सॅक्रिस्टीची पाळी आली की वेदीची वस्त्रे धुण्याच्या आणि घडी घालण्याच्या रीती आम्हाला शिकवीत. दोऱ्याविषयीचे शिक्षण मला पुढे धर्मग्रामातील भगिनींकडून मिळाले.

आमची वस्ती अंबरनाथची. स्टेशनच्या पूर्वेस वालधुनीच्या काठी शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख असलेले शिवमंदिर आहे. त्याच्या भिंती सरळ जात नाहीत. पायऱ्यापायऱ्यांनी आतबाहेर होत त्या वळण घेतात. फुलीच्या टाक्याचे काम करणाऱ्या एका भगिनीने मला एकदा सांगितले, “फादर, आमची द्राक्षेसुद्धा अशीच गोल होतात. कापडावर सगळे चौकोनच असतात. एकेक घर आत घ्यायचे, एकेक बाहेर.” क्रॉस स्टिचचे मर्म यापेक्षा थोडक्यात मी कुठे ऐकलेले नाही.

या कामासाठी लागणारा सुती दोरा सहा पदरांचा असतो. बाजारात मिळणारी नेहमीची लडी आठ मीटरची. हाताच्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, म्हणजे सुमारे पंचेचाळीस सेंटिमीटर, एवढाच तुकडा एका वेळी कापावा. त्याहून लांब दोरा कापडातून पुन्हापुन्हा ओढला जाऊन झिजतो, त्याची चकाकी जाते आणि तो गुंततो. एका इंचात चौदा घरे असलेल्या कापडावर बहुधा दोन पदर वापरतात. घरे मोठी असतील तर तीन. दोन पदरांच्या हिशेबाने एका लडीत पन्नासेक वेळा सुई ओवता येते. पदर एकेक करून सुटे करावेत आणि मग पुन्हा एकत्र जुळवावेत, म्हणजे ते पिळाशिवाय शेजारी शेजारी बसतात. सगळ्या फुल्यांचा वरचा टाका एकाच दिशेने जावा, नाहीतर उजेड निरनिराळा परततो आणि एकच रंग दोन रंगांसारखा दिसतो.

सुती दोऱ्याला ही चकाकी येते ती मर्सराइज करण्याच्या क्रियेमुळे. जॉन मर्सर या इंग्रज कारागिराने १८४४ मध्ये पाहिले की कॉस्टिक सोड्यात बुडवलेला कापसाचा तंतू फुगतो आणि रंग अधिक चांगला धरतो. पुढे त्याच शतकाच्या अखेरीस ही क्रिया सूत ताणून धरून करू लागले आणि त्याला रेशमासारखे तेज आले. फ्रान्समधील म्युलूझ येथे १७४६ मध्ये सुरू झालेल्या घराण्याचे डीएमसीचे दोरे आणि आपल्याकडे घरोघरी पोहोचलेले अँकरचे दोरे याच जातीचे. याहून अधिक चमकणारा रेयॉनचा दोराही मिळतो. लाकडाच्या लगद्यापासून होणारे हे सूत आमच्या शेजारी शहाडला गेल्या शतकाच्या मध्यापासून तयार होत आले आहे. ते देखणे खरे, पण ओले झाले की त्याचे बळ बरेच घटते. वारंवार धुतल्या जाणाऱ्या वेदीवस्त्राला म्हणून सुती दोराच बरा.

रंगांची निवड ही यापुढची परीक्षा. उपासनेच्या वर्षात पांढरा, हिरवा, तांबडा आणि जांभळा हे रंग फिरून फिरून येतात. त्यांपैकी तांबडा पाण्यात रंग सोडण्याबद्दल बदनाम आहे. जांभळ्याचे वैरी ऊन. १८५६ मध्ये लंडनच्या विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाने क्विनीन करू जाता अपघाताने पहिला गाजलेला कृत्रिम जांभळा रंग शोधला. त्यानंतर रंगांची रेलचेल झाली खरी, पण त्या काळातले कितीतरी रंग उन्हाने उडून गेले. आजचे चांगले दोरे पुष्कळ पक्के असतात. तरीही गडद दोऱ्याचा तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून पाहिल्याशिवाय कामाला घेऊ नये. फडक्यावर डाग उमटला तर दोरा थंड पाण्यात, पाणी निवळ येईपर्यंत खळबळावा. मिठाने किंवा व्हिनेगरने रंग पक्का होतो असे पुष्कळजणी सांगतात. कापसावरच्या आजच्या रंगांना त्याचा उपयोग नाही.

दुसरी खबरदारी अशी की लागेल तेवढा दोरा एकदमच घ्यावा. रंगाचा क्रमांक तोच असला तरी दोन निरनिराळ्या वेळी रंगवलेल्या सुतात किंचित फरक राहू शकतो. हातात घेतल्यावर तो कळत नाही. कापडावर शेजारी शेजारी बसला की लगेच दिसतो.

याचा प्रत्यय आम्हाला काही वर्षांपूर्वी आला. धर्मग्रामातील एका वृद्ध मावशींनी नाताळसाठी वेदीवस्त्राचा काठ भरायला घेतला होता. जांभळी द्राक्षे, हिरवी पाने, मधे ओंब्या. दृष्टी अधू झाली होती, तरी रोज सकाळी खिडकीपाशी बसून त्या तासभर टाके घालीत. काठ संपायला दोन विती उरल्या असताना, आगमनकाळाच्या तोंडावर त्या देवाघरी गेल्या. त्यांच्या लेकीने रिंगसकट ते कापड आणि उरलेल्या दोऱ्याची पुडी आमच्याकडे आणून दिली. पुडीत हिरवा पुरेसा होता. जांभळा अर्धी लडीही नव्हता. त्याच क्रमांकाची नवी लडी आणली, ती अंमळ निळसर निघाली.

भगिनींमध्ये दोन तट पडले. काहींचे म्हणणे, वेदीवर जायचे ते निर्दोष असावे. सगळी द्राक्षे उसवून नव्या दोऱ्याने भरावीत. इतरांना ते ऐकवेना. मावशींचे डोळे ज्या टाक्यांत खर्ची पडले ते टाके आपण उसवायचे? पहिल्या पक्षाचे म्हणणेही हलके नव्हते, कारण त्यांनाही मावशींचेच नाव राखायचे होते. निर्णय माझ्यावर सोपवण्यात आला. तो देण्यापूर्वी मी दोन भगिनींना उल्हासनगरला एका जुन्या दुकानात चौकशीला पाठवले.

उल्हासनगर ही फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत. कल्याणच्या लष्करी छावणीत ती वसली आणि १९४९ मध्ये तिला हे नाव मिळाले. सिंधी स्त्रियांचे भरतकाम नामांकित. हुरमुच नावाच्या त्यांच्या टाक्यात आधी लांब टाक्यांचा सांगाडा घालतात आणि मग त्यातून दोरा खालीवर विणून घेतात, म्हणजे जाळी तयार होते. दुकानात बसलेल्या आजींनी दोन्ही दोरे उजेडात धरले आणि विचारले, सुईत किती पदर घालता? दोन, असे कळल्यावर त्या म्हणाल्या, मग एक जुना घाला, एक नवा.

उपाय एवढाच होता. मावशींच्या शेवटच्या घडापासून पुढे प्रत्येक सुईत एक पदर त्यांच्या पुडीतला आणि एक नव्या लडीतला घेतला. पुडी संपली तेव्हा शेवटचा एकच घड राहिला होता. तो सगळा नव्या दोऱ्याचा. रंग इतका सावकाश बदलत गेला की सीमा कुठे आहे ते बोट ठेवून सांगता येत नाही. उसवण्याच्या बाजूने बोलणाऱ्या भगिनींनीच त्यातले बहुतेक टाके घातले. मावशींची लेक नाताळच्या मिस्सेनंतर वेदीपाशी आली, काठ बोटांखालून सरकवत गेली आणि आईचे काम कुठे संपते ते तिने मला विचारले. मला सांगता आले नाही, आणि तिला त्याचे वाईट वाटले नाही.

असे काम टिकवणे हेही सेवेचेच अंग आहे. भरलेले वस्त्र थंड पाण्यात सौम्य साबणाने धुवावे. पिळू नये, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपावे आणि सावलीत वाळत घालावे. ब्लीच टाळावे. इस्त्री उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल घालून करावी, म्हणजे टाके चपटे होत नाहीत. मेणबत्तीचे मेण पडले तर ते घट्ट होऊ द्यावे, अलगद खरवडावे आणि उरलेले टीपकागदांमध्ये धरून कोमट इस्त्रीने काढावे. द्राक्षारसाचा डाग वाळण्याआधीच थंड पाण्याने धुवावा. ठेवणीतल्या वस्त्राला खळ लावू नये, खळीला कसर लागते. घडीच्या रेषेवर दोरा तुटतो, म्हणून धुतलेल्या मांजरपाटात घालून वस्त्र नळीवर गुंडाळून ठेवावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते, आणि आमच्याकडील पावसाळा काही लहान नव्हे. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती, ते वाचकांना आठवत असेल. श्रावणात एखाद्या उघडिपीच्या दिवशी कपाट उघडून वस्त्रांना वारा द्यावा, ऊन मात्र देऊ नये.

मावशींचे वेदीवस्त्र आम्ही नाताळ आणि पुनरुत्थानाचा सण एवढ्या दोन प्रसंगीच अंथरतो. त्यांची रिकामी पुडी मी टाकली नाही. तिच्यावर त्यांनी पेन्सिलीने जांभळ्या दोऱ्याचा क्रमांक लिहून ठेवला होता. त्याखाली भगिनींनी नव्या लडीची खूण आणि वर्ष लिहिले आहे. पुढे कधी एखादा टाका निसटला, तर तो दुरुस्त करणाऱ्या हाताला ते उपयोगी पडेल.