लेहच्या वाटेवरील दोन लिटर

मनालीहून निघालेली वाट ९.०२ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्यातून लाहौलच्या खोऱ्यात उतरते. देवदारांची सवय झालेल्या डोळ्यांसमोर एकाएकी उघडे, उन्हात भाजलेले डोंगर उभे राहतात. तांडीला चंद्रा आणि भागा या नद्यांचा संगम होतो. पुढचा पंप ३६५ किलोमीटरांवर असल्याचे सांगणारा तेथील पेट्रोलपंपाचा फलक दुचाकीस्वारांच्या पिढ्यांना परिचित आहे. प्रत्येक जण टाकी काठोकाठ भरून घेतो. इंजिनाच्या पोटातील तेलाची आठवण मात्र थोड्यांनाच होते.

पुण्याहून मनालीमार्गे लेह सुमारे अडीच हजार किलोमीटर. मैदानी प्रदेशातील उष्मा, घाटांतील धूळ आणि त्यानंतर बारालाचा, लाचुलुंग, तांगलांग या खिंडींची चढण. यांतील शेवटच्या दोन्ही खिंडी पाच हजार मीटरांहून उंच आहेत. चढणीवर गाडी खालच्या गिअरमध्ये मंदगतीने चालते. विरळ हवा इंजिनाची उष्णता पुरेशी वाहून नेत नाही. आपल्याकडील बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, क्लच आणि गिअर यांना एकच तेल वंगण पुरवते. त्यामुळे ज्वलनाची काजळी, क्लचची झीज आणि धातूचे सूक्ष्म कण त्यातच साठत जातात. मधासारख्या रंगाचे तेल लेहला पोहोचेपर्यंत काळे पडलेले असते. परतीच्या खिंडी चढण्यापूर्वी ते बदलणे शहाणपणाचे ठरते.

काम अवघड नाही. इंजिन चार-पाच मिनिटे चालवून तेल कोमट करावे, म्हणजे तळाचा गाळही त्याबरोबर निघतो. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर उभी करून खाली पसरट भांडे ठेवावे व तळाचा नट सोडावा. धार थांबून थेंब पडू लागले, तरी घाई करू नये. फिल्टर आणि नटाचा वॉशर नवा घालावा. नट बेताने आवळावा, कारण अतिजोराने ॲल्युमिनियमचे आटे जातात आणि त्या निर्जन प्रदेशात ती चूक महाग पडते. नरसाळ्याने नवे तेल भरून इंजिन दोन मिनिटे चालवावे, थोडे थांबावे आणि पातळी पुन्हा पाहावी.

यानंतर खरा प्रश्न उरतो. भांड्यातील त्या दीड-दोन लिटर काळ्या तेलाचे काय करायचे? सभोवती ओसाड माळ, पाहणारे कोणी नाही. दगडांत ओतले तर क्षणात दिसेनासे होईल.

लेहमध्ये वर्षाकाठी पाऊस जेमतेम १०० मिलिमीटर पडतो. जवाची शेते, जर्दाळूच्या बागा आणि गावांतील पॉप्लरची झाडे हिमनद्यांच्या वितळत्या पाण्यावर जगतात. हे पाणी 'युरा' नावाच्या अरुंद पाटांतून शेतोशेत पोहोचते. त्याच्या पाळ्या लावण्यासाठी गावे 'चुरपोन' नेमत आली आहेत. जेथे पाण्याची पाळी मोजून घ्यावी लागते, तेथे ओसाड दिसणारा उतारही कोणाच्या तरी पाटाच्या वरच्या बाजूला असतो. दगडांत मुरलेले तेल दिसेनासे झाले, तरी नाहीसे झालेले नसते.

उपाय स्वाराच्या हातीच असतो. नवे तेल ओतल्यावर जे डबे रिकामे होतात, त्यांतच जुने तेल भरावे, झाकणे घट्ट लावावीत आणि ते तेल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे सोपवावे. वापरलेले तेल कायद्यानेही घातक कचऱ्यात मोडते. योग्य हाती गेल्यास शुद्ध होऊन ते पुन्हा उपयोगी पडते. असे गॅरेज तेथे न सापडले, तर डबे सामानात बांधून खाली शहरापर्यंत आणावेत. जाताना जेवढे ओझे होते, तेवढेच येताना राहील.

तांगलांगच्या चढणीवर इंजिनाचा आवाज मग मऊ येतो. मागे खोऱ्यात युरांचे पाणी नितळ वाहत असते, आणि स्वाराच्या येण्या-जाण्याची खूण तेथे कोठेच उरलेली नसते.