जोएलच्या मरणावरून

कथेतील माणूस मेला म्हणून वाचकांनी लेखकावर रुसावे, ही गोष्ट नवी नाही. १८९३ साली आर्थर कॉनन डॉईल यांनी शेरलॉक होम्सला मृत्यूच्या स्वाधीन केले, तेव्हा वाचकांचा संताप अनावर झाला. आणि अखेर १९०३ साली लेखकाला आपला नायक जिवंत करावा लागला. परंतु व्हिडिओ गेममधील एका पात्राच्या मरणावरून २०२० च्या टाळेबंदीत आमचे दोन सख्खे भाचे आठवडाभर एकमेकांशी अबोला धरून बसले, तेव्हा मात्र आम्हांला ह्या प्रकरणाच्या मुळाशी जावेसे वाटले.

खेळाचे नाव 'द लास्ट ऑफ अस'. कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथील 'नॉटी डॉग' ह्या कंपनीने त्याचा पहिला भाग २०१३ साली काढला. एका बुरशीच्या साथीने जग उद्ध्वस्त झाले आहे. जोएल नावाच्या मध्यमवयीन माणसाची मुलगी साथीच्या पहिल्याच रात्री त्याच्या हातांत प्राण सोडते. वीस वर्षांनी त्याच्यावर एली नावाची चौदा वर्षांची पोर दूर पोहोचविण्याची कामगिरी येते. तिला ह्या रोगाची बाधा होत नाही. बॉस्टनपासून सॉल्ट लेक सिटीपर्यंतच्या प्रवासात ती त्याची लेकच होऊन जाते. शेवटी कळते, की लस शोधायची तर शस्त्रक्रियेत तिचा प्राण जाणार. जोएल रुग्णालयात शिरून डॉक्टरांसह अनेकांना ठार करतो, मुलीला उचलून आणतो आणि पुढे तिच्याशी खोटे बोलतो. एवढ्यावर खेळ संपतो. ज्यांनी तो खेळला, त्यांनी जोएलला मनोमन क्षमा केली होती. बाप दुसरे काय करील?

दुसरा भाग १९ जून २०२० रोजी आला. त्याच्या आरंभीच ॲबी नावाची तरुणी जोएलला हालहाल करून मारते. ती त्या ठार झालेल्या डॉक्टरची मुलगी. एली सूडासाठी सिॲटलला जाते. तीन दिवसांचा तो रक्तपात खेळून झाला, की कथा उलटते. तेच तीन दिवस पुन्हा, पण आता खेळणाऱ्याच्या हाती ॲबी दिलेली असते. तिचे मित्र, तिची भीती, तिचे पितृशोकाने पोखरलेले मन, सारे तासन्‌तास पाहावे लागते. जगभरचे चाहते दुभंगले ते येथेच.

आमच्या धाकट्या भाच्याने कंट्रोलर खाली ठेवला. "मामा, ह्यांनी आम्हांला चक्क फसवलं," असे तो म्हणाला. त्याची तक्रार निव्वळ पोरकट होती, असे आम्ही म्हणणार नाही. २०१९ साली दाखविलेल्या जाहिरातीत एलीच्या मदतीला सिॲटलमध्ये जोएल आलेला दिसत होता. प्रत्यक्ष खेळात त्या जागी दुसरेच पात्र निघाले. गुपित राखण्यासाठी केलेली ती योजना असेल, पण दुकानदाराने एक कापड दाखवून दुसरे बांधून दिले, तर गिऱ्हाईक चिडणारच. शिवाय सात वर्षे ज्याची वाट पाहिली, त्याला असे लाजिरवाणे मरण यावे हेही सोसण्यासारखे नव्हते.

थोरल्याचे म्हणणे वेगळे. "मामा, कादंबरीत आपण नुसतं वाचतो. इथं बटण आपण दाबतो." आम्ही त्याच्या शेजारी बसून काही प्रसंग पाहिले. एली एखाद्या पहारेकऱ्याला पाडते, तेव्हा त्याचा सोबती त्याला नावाने हाक मारून टाहो फोडतो. मेलेला माणूस निनावी राहत नाही! पुढे एका प्रसंगी ॲबीच्या रूपाने खुद्द एलीशीच झुंजावे लागते. आपल्या लाडक्या पोरीवर हात उचलायचा, आणि तोही आपल्याच बोटाने. थोरला म्हणे, हाच खेळाचा प्राण आहे. धाकटा म्हणे, हा छळ आहे. आमच्या मते दोघांनीही एकच गोष्ट सांगितली.

बाहेरच्या जगात मात्र वादाची पातळी फारच खाली गेली. एप्रिल अखेरीस खेळातील दृश्ये फुटल्यामुळे अनेकांनी तो न पाहताच आपले मत बनविले होते. खेळ पुरा करायला चोवीस तासांच्या आसपास लागतात. 'मेटाक्रिटिक' ह्या गुणांकन करणाऱ्या संकेतस्थळावर तर पहिल्या काही तासांतच शून्य गुणांचा पाऊस पडला. समीक्षकांनी त्याच खेळाला शंभरांपैकी सरासरी ९३ गुण दिले होते. अखेर जुलैत त्या संस्थेने नियमच केला, की नव्या खेळाला ३६ तास लोटल्याविना सामान्य माणसाला गुण देता येणार नाहीत. ॲबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेली ह्या अभिनेत्रीला तर ठार मारण्याच्या धमक्या आल्या. आपल्याकडे खलनायकाचे काम करणाऱ्या नटाला बाजारात शिव्या खाव्या लागत, त्याचे आम्ही कौतुकच ऐकले आहे. पण ही जात निराळी. सूड माणसाला कोठे नेतो हे दाखविणाऱ्या खेळाचा सूड त्यातील नटीवर उगवावा, याहून विपरीत ते काय?

पहिल्या तीन दिवसांत चाळीस लाखांवर प्रती खपल्या, वर्षअखेरीस 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये सात पारितोषिकेही मिळाली. त्याने रागावलेले निवळले नाहीत. निवळावेत तरी का? बक्षीस मिळाले म्हणून दुःख खोटे ठरत नाही.

धाकट्याने पुढे दीड वर्षाने तो खेळ पुरा केला. शेवटी एलीच्या हातात ॲबीचा प्राण असतो आणि ती तिला सोडून देते. त्या झटापटीत तिची दोन बोटे तुटलेली असतात. घरी परतून ती जोएलने शिकविलेली गिटार घेते, तो सूर धड उमटत नाही. "तरीही जोएलला तसं मारायला नको होतं," एवढेच तो आम्हांला म्हणाला, आणि त्या मतावर तो आजही ठाम आहे.

२०२३ पासून ह्याच कथेवर एचबीओची मालिका निघाली. दुसऱ्या पर्वाच्या दुसऱ्याच भागात, २० एप्रिल २०२५ रोजी, जोएल पुन्हा मारला गेला आणि तोच वाद नव्याने पेटला. ह्या खेपेस आमची बहीण मुलांसोबत बसली होती. मुलांना सारे ठाऊक होते, तिला नव्हते. भाग संपताच ती उठली, टीव्ही बंद केला आणि दोघांकडे पाहून म्हणाली, "हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"